डक्ट हीटरची फिटिंग : गरम हवेचे काम थंड डोक्याने करा

भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात ९ जानेवारी २०२१ रोजी रात्री दीडच्या सुमारास नवजात बालकांच्या विशेष काळजी कक्षाला आग लागली. त्या वेळी तेथे १७ बालके दाखल होती. ७ बालकांना बाहेर काढता आले, १० दगावली. त्यांपैकी ३ भाजून आणि ७ धुराने गुदमरून गेली, असे त्या वेळी सांगण्यात आले. चौकशी समितीचा अहवाल आल्यावर २१ जानेवारीला तत्कालीन आरोग्यमंत्री राजेश टोपे यांनी त्यातील निष्कर्ष जाहीर केले. बाळांना ऊब देणाऱ्या रेडियंट वॉर्मरच्या नियंत्रण पॅनेलमध्ये ठिणगी पडली, तेथून आग पसरली आणि दारे-खिडक्या बंद असल्यामुळे धूर कोंडला. अधिकारी व कर्मचाऱ्यांवर निलंबनाची आणि सेवासमाप्तीची कारवाई झाली, गुन्हाही नोंदला गेला. पण विजेचे काम करून पोट भरणाऱ्या माणसाने या प्रकरणातून घ्यायचा धडा वेगळा आहे. आगीची सुरुवात पॅनेलपासून झाली. हीटर म्हटले की सर्वांचे लक्ष लाल होणाऱ्या कॉइलकडे जाते, आणि तारा, जोड, स्विच यांच्याकडे कोणी पाहत नाही.

वॉर्मर निदान डोळ्यांसमोर असतो. त्याच्या कितीतरी पट विजेचा एक हीटर आता अनेक रुग्णालयांत छताच्या आड, पत्र्याच्या डक्टमध्ये बसलेला असतो आणि तो वर्षानुवर्षे कोणाच्या दृष्टीसही पडत नाही. त्याला डक्ट हीटर म्हणतात. भंडारा, तुमसर, पवनी, मोहाडी, साकोली, लाखनी, लाखांदूर या तालुक्यांतील आपले बरेच तरुण एसी, फॅब्रिकेशन व वायरिंगच्या व्यवसायात आहेत. खासगी दवाखान्यांची, शस्त्रक्रियागृहांची कामे नागपूरच्या ठेकेदारांमार्फत त्यांच्याकडे येतात. त्यांच्यासाठी ही माहिती सविस्तर देत आहोत.

डक्ट हीटर कशासाठी लागतो?

आपल्या विदर्भात हवा गरम करण्याचे यंत्र कशाला, असा प्रश्न पडणे साहजिक आहे. त्याची दोन कारणे आहेत. पहिले थंडीचे. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा कधी कधी १० अंशांच्याही खाली उतरतो. प्रसूतीच्या खोलीचे तापमान किमान २५ अंश असावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे. दुसरे कारण पावसाळ्याचे, आणि ते पुष्कळांच्या लक्षात येत नाही. शस्त्रक्रियागृहात तापमान सुमारे २१ अंश आणि आर्द्रता ६० टक्क्यांच्या आत ठेवावी लागते. पावसाळ्यातील दमट हवेतून पाणी काढायचे तर ती आधी जास्त थंड करावी लागते. पाणी गळून गेल्यावर हवा इतकी गार होते की ती तशीच आत सोडता येत नाही. म्हणून तिला पुन्हा थोडी ऊब देतात. याला ‘रीहीट’ म्हणतात. हे काम डक्ट हीटर करतो. औषधांच्या व इतर कारखान्यांतही याच कारणाने तो लागतो.

रचना साधी आहे. एअर हँडलिंग युनिटचा पंखा हवा ढकलतो, डक्टमध्ये एका चौकटीत हीटरची एलिमेंट आडवी बसविलेली असतात आणि चौकटीच्या एका बाजूला डक्टबाहेर जोडणीची पेटी असते. हवा एलिमेंटवरून वाहते तोपर्यंत ती त्यांची उष्णता घेऊन जाते. हवा थांबली की उष्णतेला जायला वाट राहत नाही, आणि काही मिनिटांत एलिमेंट लाल होऊन डक्ट, आवरण, धूळ, जे जवळ असेल ते तापू लागते. डक्ट हीटरच्या सुरक्षिततेचे सगळे नियम या एका गोष्टीतून निघतात.

हीटर किती किलोवॅटचा?

आधी हिशेब करावा. अंदाजाने मोठा हीटर बसविणे हे धोक्याचे आणि ग्राहकाच्या वीजबिलाचेही काम आहे. सोपे सूत्र असे : हवेचे सीएफएम गुणिले तापमानातील वाढ, अंश सेल्सिअसमध्ये, भागिले १७५०. उत्तर किलोवॅटमध्ये मिळते. उदाहरणार्थ, १५०० सीएफएम हवा १० अंशांनी गरम करायची असेल तर १५००० भागिले १७५०, म्हणजे सुमारे ८.६ किलोवॅट. बाजारात मिळणारा ९ किलोवॅटचा हीटर येथे पुरतो.

आता हाच हिशेब उलटा करून पाहावा. पंख्याचा पट्टा ढिला झाला, फिल्टर धुळीने भरला, आणि हवा १५०० वरून ५०० सीएफएमवर आली. हीटर मात्र ९ किलोवॅटच देत आहे. वाढ आता १० अंशांऐवजी ३१ अंशांच्या वर जाते. हवा पूर्ण थांबली तर हे सूत्रच लागू राहत नाही. पंखा सुरू असणे एवढे पुरेसे नाही, हवा पुरेशी असावी लागते, ती यासाठी. हीटरच्या नामपट्टीवर किंवा माहितीपत्रकात हवेचा किमान वेग दिलेला असतो. तो डक्टमध्ये सर्वत्र मिळतो की नाही, हे मोजून घ्यावे.

वारा नाही तर वीज नाही

अनेक ठिकाणी हीटरचा कॉन्टॅक्टर पंख्याच्या स्टार्टरशी जोडून कारागीर निघून जातो. पंखा चालू तर हीटर चालू, असा हा इंटरलॉक. तो हवाच, पण अपुरा आहे. स्टार्टर ओढला गेला याचा अर्थ मोटरला वीज मिळाली एवढाच होतो. पट्टा तुटला असेल तर मोटर फिरेल, पंखा फिरणार नाही. तीन फेजपैकी दोन उलट जोडल्या गेल्या असतील तर पंखा उलटा फिरेल आणि हवा अगदी थोडी येईल. स्टार्टरला यातले काहीच कळत नाही.

म्हणून हवेची खात्री हवेकडूनच करून घ्यावी. त्यासाठी डिफरन्शियल प्रेशर स्विच किंवा पात्याचा एअर-फ्लो स्विच बसवितात. प्रेशर स्विचच्या दोन बारीक नळ्या पंख्याच्या दोन बाजूंना लावल्या की हवा पुरेशी असेल तेव्हाच त्याचा संपर्क जुळतो. पंख्याच्या स्टार्टरचा सहायक संपर्क आणि हा स्विच, दोन्ही एकामागून एक म्हणजे सीरिजमध्ये जोडावेत.

हीटर बंद झाल्यावर पंखा लगेच बंद करू नये. एलिमेंटमध्ये उष्णता साठलेली असते, ती निघून जाण्यासाठी पंखा आणखी ३ ते ५ मिनिटे चालावा, असा टायमर ठेवावा. वीज परत आल्यावर हीटर आपोआप एकदम सुरू होऊ नये. आधी पंखा, मग हवेची खात्री, मग हीटर असा क्रम ठेवावा.

दोन कटआउट, दोन कॉन्टॅक्टर

चांगल्या डक्ट हीटरमध्ये तापमानावर चालणारे दोन कटआउट असतात. पहिले तापमान वाढले की तोडते आणि थंड झाल्यावर स्वतः जोडते. दुसरे जास्त तापमानाला तुटते आणि माणसाने बटण दाबल्याशिवाय पुन्हा जुळत नाही. दुसऱ्याचा हेतू असा की, कोणीतरी पॅनेलपाशी येऊन हे का तुटले याचा शोध घ्यावा.

आपल्याकडे येथेच घोटाळा होतो. वीज वारंवार जाते. वीज गेली की पंखा थांबतो, तापलेल्या एलिमेंटची उष्णता कोंडते आणि हाताने जोडायचे कटआउट तुटते. असे आठवड्यातून चारदा झाले की वॉर्डबॉय कंटाळतो, कोणीतरी कारागीर बोलावला जातो आणि तो कटआउटच्या दोन टोकांना तारेचा तुकडा लावून मोकळा होतो. हीटर व्यवस्थित चालतो, ग्राहक खूश होतो. त्या दिवसापासून त्या इमारतीत बिनपहाऱ्याची भट्टी चालू असते. हे काम कोणी कितीही पैसे दिले तरी करू नये. खरा उपाय असा की पंखा जनरेटरच्या किंवा इन्व्हर्टरच्या लाइनवर घ्यावा आणि हीटर त्या लाइनवर घेऊ नये. वीज गेली की हीटर जाईल, पंखा थोड्याच वेळात पुन्हा वाहू लागेल, आणि कटआउटवर ताण येणार नाही. तरीही ते तुटत असेल तर हवा कमी पडते आहे असे समजून फिल्टर, पट्टा व डॅम्पर तपासावेत.

कॉन्टॅक्टरही दोन असावेत. एक थर्मोस्टॅटच्या हुकमावर दिवसातून शेकडो वेळा जोडतो-तोडतो. अशा कॉन्टॅक्टरचे संपर्क कधी ना कधी चिकटतात. चिकटले की थर्मोस्टॅटने कितीही सांगितले तरी हीटर बंद होत नाही. त्याच्या मागे सीरिजमध्ये दुसरा, सुरक्षेचा कॉन्टॅक्टर हवा. त्याच्या कॉइलच्या वाटेवर पंख्याचा संपर्क, एअर-फ्लो स्विच, दोन्ही कटआउट आणि आगीच्या अलार्मचा संपर्क असे सर्व एका ओळीत घ्यावेत. यातील कोणताही एक सुटला की वीज तुटते. आता बरेच जण कॉन्टॅक्टरऐवजी थायरिस्टर किंवा सॉलिड स्टेट रिले वापरतात. तापमान त्याने सुरेख सांभाळले जाते, पण तो बिघडतो तेव्हा बहुधा ‘चालू’ स्थितीतच अडकतो. तेथे सुरक्षेचा कॉन्टॅक्टर अधिकच आवश्यक ठरतो.

बसविण्याची जागा

हीटर पंख्याच्या तोंडाशी, वळणाजवळ किंवा फिल्टरला खेटून बसवू नये. तेथे हवा एका बाजूला जास्त, दुसऱ्या बाजूला कमी असते आणि कमी हवेची एलिमेंट जळतात. सर्वसाधारणपणे दोन्ही बाजूंना ४ फूट सरळ डक्ट ठेवावा. उत्पादकाने याहून जास्त सांगितले असेल तर तेच अंतर धरावे. चौकटीवर हवेच्या दिशेचा बाण असतो, तो पाहूनच बसवावा. कटआउट कोणत्या बाजूला आहे, हे त्या बाणावर अवलंबून असते.

जोडणीची पेटी बाजूला यावी. डक्टच्या माथ्यावर ती आली तर उष्णता वर चढून तारांचे आवरण करपवते. पेटीचे झाकण उघडून माणसाला दोन्ही हात घालता येतील एवढी मोकळी जागा आणि फॉल्स सीलिंगमध्ये दार ठेवावे. ज्या पेटीपर्यंत हात पोहोचत नाही, तिची देखभाल कोणी करीत नाही.

डक्टच्या आवरणाकडे विशेष लक्ष द्यावे. थर्मोकोल किंवा पॉलिथिन फोम स्वस्त आणि लावायला सोपे असते, पण ते पेटते आणि त्याचा धूर जीवघेणा असतो. हीटरच्या दोन्ही बाजूंना किमान १ मीटरपर्यंत ग्लासवूल किंवा रॉकवूल यांसारखे न जळणारे आवरण असावे. पेटी मात्र आवरणाने झाकू नये. तिला थंड राहण्यासाठी उघडी हवा लागते.

या जिल्ह्यात धानाच्या गिरण्या पुष्कळ आहेत आणि तुसाची धूळ सर्वत्र पसरते. एलिमेंटवर साठलेली अशी धूळ पहिल्या थंडीत हीटर सुरू करताच जळते आणि तिचे निखारे वाऱ्याबरोबर पुढे जातात. हवा नेहमी फिल्टरमधून गाळून हीटरकडे यावी आणि दर मोसमाच्या आरंभी एलिमेंट साफ करावीत. गिरणीतील तुसाच्या हवेसाठी किंवा रंग-स्पिरिटच्या वाफा असलेल्या खोलीसाठी साधा डक्ट हीटर कधीही वापरू नये.

केबल आणि जोड

९ किलोवॅटचा हीटर एका फेजवर, २३० व्होल्टवर लावला तर सुमारे ३९ अँपिअर प्रवाह ओढतो. तोच तीन फेजमध्ये वाटला तर प्रत्येक फेजला सुमारे १३ अँपिअर येतात. म्हणून मोठे हीटर तीन फेजवरच घ्यावेत. हीटर तासन् तास पूर्ण भारावर चालतो, त्यामुळे प्रवाहाच्या सव्वापट हिशेब धरावा : १३ चे १६.३ होतात. म्हणजे २० अँपिअरचा तीन पोल एमसीबी आणि ४ चौरस मिलिमीटरची तांब्याची केबल योग्य. केबल पत्र्याच्या छताखालून जात असेल तर विदर्भाच्या उन्हाळ्यात तेथील तापमान ५० अंशांपुढे जाऊ शकते आणि केबलची क्षमता बरीच उतरते. तेथे एक साइझ वरची केबल घ्यावी. साधे पीव्हीसी आवरण ७० अंशांपर्यंतच टिकते, म्हणून पेटीच्या आतील जोडणीला सिलिकॉन रबर किंवा फायबर ग्लासच्या आवरणाची तार वापरावी.

स्टार आणि डेल्टा यांत चूक करू नये. एलिमेंटवर २३० व्होल्ट लिहिलेले असेल तर ते स्टारमध्येच जोडावे लागते. चुकून डेल्टामध्ये जोडले तर त्यावर ४०० व्होल्ट येतात. उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणून ३ किलोवॅटचे एलिमेंट ९ किलोवॅट देऊ लागते. ते फार वेळ टिकत नाही आणि जाताना आपल्याबरोबर आणखीही काही घेऊन जाते. याच नियमाने व्होल्टेज १० टक्के वाढले की उष्णता २१ टक्के वाढते, हेही ध्यानात असावे.

आता जोडांकडे वळू. समजा एका स्क्रूखाली तार ढिली आहे आणि तेथे फक्त ०.१ ओहम रोध तयार झाला आहे. १३ अँपिअर प्रवाहाला त्या एका बिंदूवर सुमारे १७ वॅट उष्णता निर्माण होते. सोल्डरिंगची छोटी इस्त्री साधारण २५ वॅटची असते, यावरून कल्पना यावी. जोड तापला की तांबे काळे पडते, रोध वाढतो. तो १ ओहम झाला की १५० वॅटच्या आसपास उष्णता तेथे साठते आणि प्लास्टिकचा टर्मिनल ब्लॉक पेट घेतो. हे सर्व होत असताना एमसीबी स्वस्थ असतो, कारण प्रवाह वाढलेलाच नसतो, उलट किंचित घटलेला असतो. एमसीबी आहे म्हणून जोड सुरक्षित आहे, असे मानणे हा आपल्या व्यवसायातील सर्वांत महागडा गैरसमज आहे.

उपाय साधा आहे आणि स्वस्तही. तारेच्या टोकाला योग्य मापाचा लग क्रिंपिंग टूलने दाबून बसवावा, पकडीने नव्हे. स्क्रू उत्पादकाने दिलेल्या दाबानेच आवळावेत. हीटर तापतो आणि निवतो, तसतसे जोड सैल होतात. म्हणून पहिल्या आठवड्यानंतर वीज बंद करून सर्व जोड एकदा पुन्हा आवळावेत आणि पुढे दर ६ महिन्यांनी तपासावेत. ॲल्युमिनियमची केबल असेल तर तांब्याच्या टर्मिनलला ती थेट लावू नये, बायमेटल लग वापरावा. टर्मिनल ब्लॉक चिनी मातीचा असल्यास उत्तम. केबल पेटीत शिरते तेथे ग्लँड हवाच. पत्र्याच्या धारेवर घासून कापली गेलेली केबल पुढे-मागे घात करतेच.

अर्थिंग

डक्ट पत्र्याचा आहे, तो कोठेतरी जमिनीला लागलाच असेल, असे समजू नये. पंखा आणि डक्ट यांच्यामध्ये हादरे रोखण्यासाठी कॅनव्हासचा तुकडा असतो. कॅनव्हासमधून वीज वाहत नाही, म्हणून पुढचा सगळा डक्ट अर्थिंगपासून तुटलेला असतो. त्या जागी तांब्याची वेणी किंवा पट्टी लावून दोन्ही बाजू जोडाव्यात. तीन फेजच्या हीटरच्या धातूच्या चौकटीला दोन स्वतंत्र अर्थ वायरी द्याव्यात. नियमही तसाच आहे. याशिवाय गळती होताच वीज तोडणारे आरसीसीबीसारखे साधन हीटरच्या लाइनवर असावे.

एक अडचण येथे नेहमी येते. हीटर महिनोन् महिने बंद राहिला की एलिमेंटच्या आतील पांढरी भुकटी दमटपणा शोषून घेते. पहिल्यांदा सुरू करताच आरसीसीबी ट्रिप होते. मग कोणीतरी आरसीसीबी ‘खराब’ ठरवून काढून टाकतो. तसे करू नये. मेगरने तपासावे आणि दमटपणा आढळल्यास उत्पादकाच्या सूचनेप्रमाणे एलिमेंट आधी कोरडे करून घ्यावे.

सुरू करण्यापूर्वीच्या चाचण्या

काम सुरू करताना मेन बंद करून फ्यूज स्वतःच्या खिशात ठेवण्याची जुन्या वायरमनांची सवय आजही तितकीच मोलाची आहे. एमसीबी असेल तर त्याला कुलूप व पाटी लावावी आणि हात घालण्यापूर्वी टेस्टरने प्रत्येक फेज पाहून घ्यावी. काम पूर्ण झाल्यावर पुढील चाचण्या क्रमाने कराव्यात.

१. वीज बंद ठेवून ५०० व्होल्टच्या मेगरने १ मिनिट इन्सुलेशन मोजावे. ते १ मेगओहमपेक्षा कमी नसावे.

२. अर्थिंगचा सलगपणा पेटीपासून डक्टच्या शेवटापर्यंत मोजावा.

३. पंखा सुरू करून हवेची दिशा व वेग पाहावा. मगच हीटरला वीज द्यावी.

४. क्लॅम्प टेस्टरने तिन्ही फेजचे अँपिअर मोजावेत. ते जवळजवळ सारखे यावेत. एखादी फेज कमी दाखवीत असेल तर एलिमेंट किंवा जोड तुटलेला आहे.

५. हीटर चालू असताना पंखा बंद करावा. हीटर त्या क्षणी तुटला पाहिजे.

६. वीज बंद करून पंख्याचा पट्टा उतरवावा आणि पुन्हा सुरू करावे. मोटर फिरेल, पण हीटरला वीज मिळता कामा नये. ही चाचणी बहुतेक जण टाळतात, आणि एअर-फ्लो स्विच खरोखर काम करतो की नाही हे येथेच कळते.

७. आगीच्या अलार्मचा संपर्क उघडून पाहावा. पंखा व हीटर दोन्ही थांबावेत. पंखा चालू राहिला तर तो धूर सर्व खोल्यांत पोहोचवील.

सर्व आकडे तारखेसह एका वहीत लिहावेत, खाली सही करावी आणि एक प्रत मालकाला द्यावी.

परवाना, कायदा आणि कोटेशन

हे काम कोणीही करावे असे नाही. केंद्रीय विद्युत प्राधिकरणाचे सुरक्षाविषयक विनियम २०२३ मध्ये नव्याने लागू झाले. दिवा, पंखा, फ्यूज, स्विच बदलणे यासारखी किरकोळ कामे सोडली तर वीजसंचाचे काम परवानाधारक ठेकेदारानेच, सक्षमता प्रमाणपत्र असलेल्या व्यक्तीच्या देखरेखीखाली करावे लागते. शासकीय औद्योगिक प्रशिक्षण संस्थेतून वीजतंत्री किंवा तारतंत्री हा अभ्यासक्रम पूर्ण केलेल्या तरुणाने तेवढ्यावर थांबू नये, परवानाही काढावा. परवान्याशिवाय केलेल्या कामाचे पैसे आज मिळतात, पण उद्या काही घडले तर विम्याची भरपाई अडते आणि पोलिसांत प्रथम त्याचेच नाव जाते.

इमारतीच्या मालकालाही जबाबदारी आहे. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम, २००६ नुसार दर वर्षी जानेवारी व जुलै महिन्यांत परवानाधारक संस्थेकडून आगप्रतिबंधक यंत्रणा चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र घेऊन सादर करावे लागते. दवाखान्यांसाठी ही केवळ कागदाची बाब राहिलेली नाही. भंडाऱ्यानंतर २३ एप्रिल २०२१ ला विरारच्या रुग्णालयात अतिदक्षता विभागातील एसीपासून आग लागल्याचे प्राथमिक कारण सांगण्यात आले, त्यात किमान १३ रुग्ण गेले. ६ नोव्हेंबर २०२१ ला अहमदनगरच्या, म्हणजे आजच्या अहिल्यानगरच्या, जिल्हा रुग्णालयात त्याच दिवशी १० हून अधिक रुग्णांचा बळी गेला. १५ नोव्हेंबर २०२४ च्या रात्री झाशीच्या वैद्यकीय महाविद्यालयात पुन्हा १० नवजात बालके गेली. चारही ठिकाणचे रुग्ण स्वतः उठून बाहेर पडू शकत नव्हते. जेथे माणूस पळू शकत नाही तेथे वायरिंगला दुप्पट जबाबदारी असते.

आता व्यवसायाची गोष्ट. कोटेशन देताना ‘डक्ट हीटर फिटिंगसह, एकरकमी’ असे लिहू नये. एअर-फ्लो स्विच, दोन कटआउट, सुरक्षेचा कॉन्टॅक्टर, गळतीचे संरक्षण, न जळणारे आवरण आणि चाचण्या ही प्रत्येक बाब वेगळ्या ओळीत, दरासह लिहावी. त्यामुळे दुसरा कोणी स्वस्त दर देतो तेव्हा त्याने काय गाळले, हे ग्राहकाला दिसते. ग्राहकाने यातील काही कमी करायला सांगितले तर ते कशासाठी आहे हे समजावून सांगावे. तरीही ऐकत नसेल तर काम सोडावे. एक काम सोडल्याने दुकान बंद पडत नाही. उलट दवाखान्याची कामे ओळखीतून मिळतात, आणि सुरक्षेच्या बाबतीत न झुकणारा कारागीर अशी ओळख झाली की डॉक्टर एकमेकांना नाव सांगतात. वर्षातून दोनदा तपासणीचा करार केल्यास नियमित उत्पन्नही मिळते. तपासणीला पावसाळ्यानंतरचा ऑक्टोबर आणि थंडी संपल्यावरचा मार्च हे महिने सोयीचे.

काम सोपविताना एक गोष्ट विसरू नये. हीटरचा मेन स्विच कोठे आहे, तो कसा पाडायचा आणि जळका वास आला तर पहिल्या मिनिटात काय करायचे, हे रात्रपाळीच्या परिचारिकेला व वॉर्डबॉयला प्रत्यक्ष हाताने करून दाखवावे. स्विचवर मराठीत मोठ्या अक्षरांत ‘डक्ट हीटर – धोका दिसल्यास येथे बंद करा’ अशी पाटी लावावी. मालक आणि डॉक्टर रात्री दीड वाजता तेथे नसतात. जो असतो त्याला हा स्विच माहीत असेल, तरच आपले काम पुरे झाले असे समजावे.